बंद दारापुढचं सोनं

रिबका, तुझी शेळी आता माझ्या अंगणात बांधली आहे आणि ती मला मुळीच जुमानत नाही. पाला टाकला की वास घेते, तोंड फिरवते आणि समोरच्या रस्त्याकडे बघत उभी राहते. तुझा भाचा भुसावळला परत जाताना म्हणाला, "बाई, हिला विकून टाका." मी म्हटलं, बघू. बाजारात न्यायची, दोर धरून उभं राहायचं, गिऱ्हाइकाशी घासाघीस करायची, एवढा उत्साह माझ्यात उरलेला नाही. शिवाय बाजारातून ती कुणाच्या हाती जाईल हे तुला नि मला चांगलं ठाऊक आहे. तू असतीस तर हसून म्हणाली असतीस, "अगो मास्तरीण, शेवटी तूही बोकडांची चिंता करायला लागलीस."

करते, काय करणार? इतकी वर्षं आपण दोघींनी दुसऱ्या कशावर वाद घातला? लोकांच्या ओट्यावर सासवा-सुनांच्या गोष्टी निघायच्या, आपल्या ओट्यावर तुझ्या पूर्वजांनी वेदीवर काय काय जाळलं त्याच्या. तो वाद अर्धाच राहिला आहे. आता तुझं उत्तर यायचं नाही हे कळतं. तरी पुढचं तुला सांगितल्याशिवाय मला चैन नाही, कारण पुढचं सगळं तू गेल्यावर घडलं.

तू गेलीस श्रावणाच्या सुरुवातीला. ताप आला, तूच म्हणालीस दोन दिवसांत उतरेल, आणि तो उतरला नाही. दवाखान्यातल्या बायका अजून तुझं नाव निघालं की डोळ्याला पदर लावतात. गल्लीचं मात्र अजून ठरलेलं नाही की तू होतीस कोण. कुणी तुला मिशनवाली म्हणतं, कुणी बोहऱ्यांपैकी. मी 'इस्राएल, म्हणजे यहुदी' म्हटलं की माना हलवतात आणि वर विचारतात, "म्हणजे किरिस्तावच ना?" तू समजावून समजावून कंटाळली होतीस. 'कोकणातली आहे म्हणून सांग, सोपं पडेल,' असं मला बजावून ठेवलं होतंस. मी तेच सांगते.

मलाही आधी कुठे कळलं होतं? नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीपायी तू अलिबागकडून इथे आलीस, तो गेल्यावर सरकारी दवाखान्यात सुईणकाम करत इथेच राहिलीस. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण, तुझ्यासारखीच विधवा. दोघींच्या अंगणांमध्ये एकच भिंत. शुक्रवारी दिवेलागणीला तू दिवा लावायचीस आणि शनिवारी तुझी चूल थंड. मला वाटायचं, शनीचा उपास आहे. पण शनिवारी कुणी बाळंतपणाचं बोलावणं घेऊन आलं की तू पिशवी उचलून चालू लागायचीस. एकदा मी टोकलं, "मोडला ना उपास?" तू चपला पायात सरकवत म्हणालीस, "जीव अडला असेल तर आमचा शनिवार आपोआप उघडतो गो. नाहीतर देवाला काय तोंड दाखवू?" मी ते कानामागे टाकलं. फोपनारच्या त्या पोळ्यानंतर मात्र ते वाक्य मला सोडेना.

तो पोळा तुला वेगळा सांगायला नको. तरी सांगते, कारण आता तो आठवणारं माणूस माझ्याजवळ नाही. फोपनार माझं माहेर. धाकटा भाऊ सुकदेव तिथे शेती बघतो, कापूस आणि थोडी केळी. काशीवहिनीला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस गेले होते. कळा सुरू झाल्या नेमक्या पोळ्याच्या पहाटे. दुसरा कुठलाही दिवस असता तर सुकदेवनं गाडी जुंपून उजाडायच्या आत तुला नेलं असतं. पण पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवणं म्हणजे आमच्याकडे पाप. आदल्या दिवशी त्यांचे खांदे हळद-तुपानं मळलेले, शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगुरमाळा. सुकदेवनं बैलांकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं आणि घरच्या सालदाराला पायी पिटाळलं. तो गडी चिखल तुडवत शहरात आला. टांगेवाला त्या वाटेला यायला तयार होईना. मग तू लुगडं वर खोचलंस आणि गड्याच्या मागे चालू लागलीस. मी तुझ्या मागे. नाल्याचं पाणी उतरेपर्यंत आपण काठावर उभ्या होतो, तू सारखी आभाळाकडे बघून वेळेचा अंदाज घेत होतीस. गावात शिरलो तेव्हा वेशीत तोरणाखाली बैल उभे होते, वाजंत्री चालली होती, आणि त्या गर्दीतून आपल्याला वाट मागत जावं लागलं.

वहिनी वाचली ती तुझ्यामुळे. मूल गेलं. मुलगा होता.

पुढच्या आठवड्याच्या बाजारात सुकदेव बोलला. लोक विचारणारच, मूल कसं गेलं म्हणून. 'मी गाडी जुंपली नाही' हे सांगायला त्याची जीभ रेटली नाही. तो म्हणाला, "बाई टायमावर आलीच नही. शहराची बाई, तिच्या मौजेनं आली. अन् आल्यावर तिनं काय केलं देव जाने." बस, एवढंच. तेवढ्यानं फोपनार आणि आसपासची खेडी तुला बंद झाली. 'मूल खाणारी' हा शब्द त्यानं उच्चारला नव्हता, तो कुणीतरी मागून जोडला. त्या गावांतल्या बायका दवाखान्याच्या दारापर्यंत यायच्या, आत तू दिसलीस की परत फिरायच्या. तू अवाक्षर काढलं नाहीस. मी मात्र भिंतीकडेसुद्धा बघायचं टाळत होते. शेवटी तूच हाक मारलीस, "मास्तरीण, कोथिंबीर आहे का गो चिमूटभर?" त्या कोथिंबिरीचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. आज बोलते.

मी फोपनारला जाऊन सुकदेवला गाठलं, बोलले, ओरडले. तो जमिनीकडे बघत राहिला. आणि त्या दसऱ्याला त्यानं धूलकोटच्या बाजूला टेकडीवरच्या देवीला बोकड दिला, गावाला जेवू घातलं, आणि मला निरोप धाडला, "आक्का, झालं. देवीनं पदरात घेतलं." मी तो निरोप तुला मोठ्या आनंदानं सांगितला. वाटलं, चला, मिटलं एकदाचं. तू तांदूळ निवडत होतीस.

"बोकड घरचा होता?"

"नाही. विकत आणला."

"कापला कुणी?"

"तिथला माणूस असतो."

"मग सुकदेव कुठे होता?"

"झाडाखाली. त्याला रक्त बघवत नाही."

तू एक खडा उचलून लांब फेकलास आणि म्हणालीस, "मग त्याचं गेलं काय?"

मला राग आला होता. माझ्या भावाचं पोर गेलं आणि ही बाई विचारते त्याचं गेलं काय! तू रागाकडे लक्ष न देता सुपातले तांदूळ पसरत सांगायला लागलीस. तुझ्या लोकांचं यरुशलेमला मंदिर होतं तेव्हाची गोष्ट. चुकलेल्या माणसानं आपल्या कळपातलं जनावर स्वतः आणायचं, अंगावर डाग नसलेलं, म्हणजे जे द्यायला जिवावर येईल असं. त्याच्या डोक्यावर हात दाबून धरायचा आणि आपण काय केलं ते तोंडानं बोलायचं. आणि मग सुरीही त्यानंच चालवायची. पुजारी फक्त पुढचं बघणार. आणि माणसाचा अपराध केला असेल तर त्याच्याही आधी त्या माणसाकडे जायचं, त्याचं घेतलं ते परत करायचं, वर पाचवा हिस्सा जास्त द्यायचा. तोवर मेंढा घेऊन देवाच्या दारात गेलास तरी देव विचारणार, इकडे कशाला आलास आधी?

मी फणकारून म्हटलं, "मोठे शहाणे तुमचे लोक! बैलसुद्धा जाळले त्यांनी. आम्ही निदान बैलाला पुरणपोळी भरवतो."

"भरवता ना. म्हणून तर गाडी जुंपली नाही."

मी उठून घरात गेले आणि थोड्या वेळानं तुझ्यासाठी चहा घेऊन परत आले. आपली भांडणं बहुतेक अशीच संपायची.

दुसऱ्या एका संध्याकाळी मी विचारलं होतं, मग आता का नाही कापत तुम्ही? तू म्हणालीस, मंदिर पडलं, वेदी गेली, माणसं देशोधडीला लागली. आमचे तर वाहत कोकणच्या किनाऱ्याला लागले. जाणत्यांना प्रश्न पडला, आता पाप नेऊन घालायचं कुठे? तेव्हा ठरलं, जनावर गेलं तर जाऊ दे, बोलणं तर आपल्याजवळ आहे. हात ठेवायला डोकं नसलं तरी तोंडानं बोला. मी म्हटलं, स्वस्तात सुटलात. तू मान हलवलीस. "बोकड देणं सोपं होतं गो. आता लपायला बोकडसुद्धा नाही."

आणि ती दोन बोकडांची गोष्ट! वर्षातून एकदा दोन सारखे बोकड उभे करायचे, एक देवाला द्यायचा आणि दुसऱ्याच्या डोक्यावर सगळ्या लोकांची पापं बोलून त्याला रानात सोडून द्यायचं. ती ऐकल्यावर मला झोप येईना. सोडलेल्या बोकडाचं पुढे काय होत असेल? त्याचा काय गुन्हा? तू म्हणालीस, "काही नाही. म्हणून तर लोकांना लाज वाटायला हवी." आणि मग तू एकदम हसायला लागलीस, हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. "अगो, फोपनारचा दुसरा बोकड म्हणजे मीच की!" मला नाही हसू आलं. आमच्या गावानं खरंच ते केलं होतं. न जुंपलेली गाडी, नाल्याचं पाणी, पोळ्याची वाजंत्री, सगळं तुझ्या डोक्यावर ठेवलं आणि तुला वेशीबाहेर काढलं. तू दवाखान्यात शेकडो पोरं हातावर झेलली असशील, पण त्या पट्ट्यातली नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटायचं. अजून वाटतं.

तुझा तो दरफाळणीचा सण. त्या दिवशी घराचं दार लावून घ्यायचं, दिवसभर पाण्याचा थेंब नाही, पांढरं लुगडं, कुणाशी बोलणं नाही, कुणाला शिवणं नाही. माणूस आणि देव, दोघंच आत. पण त्याच्या आधी माणसांशी मिटवून घ्यायचं. म्हणून आदल्या दिवशी दुपारपासून तू ओट्यावर बसायचीस. दूधवाल्याची माफी मागायचीस, दवाखान्यातल्या झाडूवालीची मागायचीस. मलाही म्हणायचीस, "वर्षभरात काही वावगं बोलले असेन तर पोटात घाल." मी म्हणायचे, "बस इथे, एकेक सांगायला घेते." आणि सगळे येऊन गेले तरी तू उठायची नाहीस. रस्त्याकडे बघत राहायचीस. फोपनारची माणसं त्याच रस्त्यानं येतात. सूर्य खाली गेला की उठून दार लावायचीस, आणि कडी सरकल्याचा आवाज मला भिंतीपलीकडे ऐकू यायचा. दरवर्षी हेच. मी अगदी थकून जायचे त्या आवाजानं.

"मनातून माफ करून टाक ना त्याला," मी चिडून म्हणायचे.

"कधीच केलंय गो. पण माझ्याजवळ तयार असून काय उपयोग? ते न्यायला त्याला यावं लागेल. घरपोच दिलं तर त्याच्या काही कामाचं नाही."

"पोर गेलंय त्याचं. आणखी किती छळशील?"

"पोर गेलंय म्हणूनच. रोज छातीवर बसत असेल त्याच्या. बोकडाला सांगून उतरत नाही ते."

आणि इथे आपला वाद अडायचा, दरवेळी इथेच. मी म्हणायचे, रिबका, सगळ्यांना तोंड नसतं. तू नि मी बडबड्या, आपल्याला बोलायला काय लागतं? माझा भाऊ शेतकरी माणूस, त्याचं बोलणं त्याच्या हातात. तू म्हणायचीस, मग हातानं बोलू दे, पण विकतच्या बोकडावर नको. एकदा मी हताश होऊन विचारलं, बरं, माणूस खरंच पालटला हे ओळखायचं तरी कसं? तू म्हणालीस, आमच्यातली जाणती माणसं सांगत, तीच वेळ पुन्हा आली, तोच मोह पुन्हा पुढे उभा राहिला, आणि या खेपेस माणूस सरळ वागला, तर पालटला समजावं. "पण अशी वेळ परत येते कुणाला?" मी म्हटलं. तू म्हणालीस, "बहुतेकांना नाही येत. म्हणून तर देवानं तोंड दिलंय."

आता शेळीचं सांगते. तुला ते वर्ष आठवतं का, तुझी दरफाळणी आणि आमचा दसरा एकाच दिवशी आले होते? दोन्ही चंद्रावर चालणारे, बरेचदा मागेपुढे यायचे, त्या वर्षी गाठच पडली. आमच्याकडे त्या दिवशी दारोदार जाऊन आपट्याची पानं द्यायची, सोनं म्हणून, आणि जुनं वाकडं विसरायचं. तुझ्याकडे दार बंद. दुसऱ्या दिवशी, तुमच्या शिळ्या सणाला, तू दार उघडलंस तर उंबऱ्यावर आपट्याची जुडी. तू मला सांगितलंस, "काल कुणीतरी बाहेरून हाक मारत होतं गो. तुझ्या शाळेतल्या पोरींपैकी कुणाचा तरी बाप असेल." मी म्हटलं, "असेल." तेवढ्यात या बयेनं दोर ताणला आणि ती सगळी जुडी चावून फस्त केली. आपण दोघी पोट धरून हसलो. तू म्हणालीस, माझं सोनं पचवणारी शेळी आहे ही.

रिबका, ते सोनं सुकदेवचं होतं.

तुला माती दिली त्या दिवशी मला कळलं. भुसावळहून तुझी चार माणसं आली होती, त्यांनी त्यांच्या भाषेत प्रार्थना म्हटली. सुकदेव आला. मी निरोप धाडला नव्हता, त्याला बाजारात कळलं. पटका हातात घेऊन लांब बाभळीखाली उभा राहिला. पुन्हा झाडाखालीच, असं माझ्या मनात आलं आणि मला त्याचा संताप आला. सगळे पांगल्यावर तो पुढे आला, मूठभर माती टाकली, हात धोतराला पुसला. परतताना म्हणाला, "आक्का, मी आलतो एक डाव."

"कुठे?"

"तिच्या घरी. दसऱ्याले. सोनं घेऊन आलतो. दरवाजा बंद व्हता. हाक मारली. आतून खोकल्याचा आवाज आला, पण दार काही उघडलं नही. म्हटलं, बराबर हाय तिचं. मह्यासाठी कायले उघडन ती? उंबऱ्यावर सोनं ठेवलं अन् आलो निंघून."

मी तिथेच रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. मग त्याला सगळं सांगितलं, तुझा सण, ते दार, आदल्या दिवशी तू ओट्यावर बसून कुणाची वाट बघायचीस ते. तो ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "म्हंजे त्या दिशी ती दार कोनालेच उघडत नव्हती?"

"कुणालाच नाही."

"मले कोनी सांगितलं नही, आक्का."

कोण सांगणार होतं? तुझा सण त्या गावात कुणाला ठाऊक, आणि सुकदेव कधी येईल हे कुणाच्या ध्यानीमनी होतं? वर्षातल्या सगळ्या दिवसांत त्यानं नेमका तोच दिवस निवडला, कारण आमच्याकडे माफी मागायला तोच दिवस चांगला. आणि तू त्याच दिवशी आत बसलीस, कारण तुमच्याकडे माणसांचा दिवस आदल्या संध्याकाळी संपलेला. कुणाचं चुकलं म्हणू? मला तुझाही राग आला, खोटं कशाला बोलू. आवाज आला होता ना तुझ्या कानावर? एकदा फटीतून बघायला काय झालं होतं? मग वाटलं, तू नाहीच बघणार. बघितलं असतंस तर तू रिबका कसली? कित्येक दिवस मी हेच उलटसुलट करत होते. शाळेत मुली पाढे म्हणायच्या आणि मी मध्येच कुठे होते तेच विसरायचे.

पोळा आला. मी कित्येक वर्षं पोळ्याला माहेरी गेले नव्हते. यंदा काशीवहिनीनं मुद्दाम बोलावलं म्हणून गेले. सकाळी आम्ही पुरण वाटत होतो. तेवढ्यात तोच जुना सालदार दारात आला, आता पार वाकलेला. त्याच्या सुनेचं पोट रात्रीपासून दुखत होतं, गावच्या सुईणीनं हात टेकले होते. त्यानं गाडी मागितली नाही. पोळ्याला कोण मागणार? तो फक्त सांगायला आला होता, "मालक, मी पायी जातो दवाखान्यात. बाईले घेऊन येतो. आज बैल मिरवायला येनार नही."

सुकदेव ओट्यावर बसला होता. उठला. वहिनीनं पुरणाचा हात तसाच धरून त्याच्याकडे पाहिलं. तो गोठ्यात गेला, बैल बाहेर काढले. शिंगांना रंग, गळ्यात माळा, अंगावर नव्या झुली. एकेक झूल काढून त्यानं ओट्यावर ठेवली. गल्लीतली माणसं थांबायला लागली. पाटलाचा आवाज मला ओळखू आला, "सुकदेव, डोस्कं फिरलं का? आज पोळा हाय!"

तेव्हा त्यानं काय केलं सांगू? थोरल्या बैलाच्या कपाळावर, दोन रंगवलेल्या शिंगांच्या मध्ये हात ठेवला. दाबून ठेवला. बैल मान खाली घालून उभा राहिला. आणि सुकदेव सगळ्यांच्या देखत बोलला.

"आयका रे. त्या साली गाडी म्या जुपली नही. बाई चिखलातून पायी आली. उशीर तिनं नही केला, म्या केला. पोरगं मह्यापायी गेलं. बाजारात खोटं बोललो तिच्यावर."

शपथ घेऊन सांगते, तुझ्या वेदीबद्दल, त्या हात ठेवण्याबद्दल मी त्याला कधी अक्षर सांगितलेलं नाही. त्याचा हात आपला आपणच तिथे गेला.

मग त्यानं जू ठेवलं. कुणी मदतीला आलं नाही, एकट्यानं जुंपली. वहिनीनं घरातली गादी आणून गाडीत टाकली, सालदाराच्या झोपडीतून त्याच्या सुनेला हात धरून आणून चढवलं आणि स्वतःही चढून बसली. इतक्या वर्षांत ती त्या दिवसाबद्दल नवऱ्याशी बोलली नव्हती, तेव्हाही बोलली नाही. फक्त पदर खोचला. गाडी वेशीतून गेली तेव्हा तोरण बांधणाऱ्या पोरांनी वाट दिली, पण बायांनी तोंडं फिरवली. मी दारातच उभी राहिले.

सगळं गोड झालं असं समजू नकोस. मुलगी झाली, आई नि लेक दोघी धड आहेत, तुझ्याच दवाखान्यात. पण त्या संध्याकाळी सुकदेवच्या बैलांना तोरणाखाली कुणी उभं राहू दिलं नाही. आमच्या पुरणपोळीला कुणी शिवलं नाही. म्हातारी माणसं म्हणतात, याच्यापायी गावावर काहीतरी येणार. पुढचं मागचं सारं आता त्याच्या डोक्यावर ठेवतील, तुला माहीतच आहे ते कसं असतं. बैलांना त्यानं घरीच ओवाळलं, स्वतःच्या हातानं घास भरवला. तू विचारायचीस ना, त्याचं गेलं काय? या खेपेस गेलं, रिबका. गावात मान वर करून चालायचा तो, ते गेलं. विकत आणलेलं नव्हतं.

तर वाद कोण जिंकलं, तू की मी? तो हातानं बोलला, म्हणजे माझं खरं. तोंडानंही बोलला, म्हणजे तुझं. तीच वेळ परत कुणाला येत नाही असं आपण म्हणालो होतो, ती आली. फक्त तू नव्हतीस ऐकायला, आणि याचं काय करायचं ते मला समजत नाही. मी रडले त्या दिवशी, गोठ्यात जाऊन, मनसोक्त. वहिनी परत आल्यावर आम्ही दोघी मिळून पुन्हा रडलो.

निघताना सुकदेवनं विचारलं, "तिचा तो सण औंदा कधी हाय?" मी म्हटलं, दसऱ्याच्या आसपासच. "मंग आदल्या दिशी येतो. दार लागायच्या आंधी." मी म्हटलं, अरे, घर बंद झालंय तिचं, तिथे आता दुसरं बिऱ्हाड येणार आहे. तो म्हणाला, "तुह्या ओट्यावर येतो ना. सोनं एक दिस आंधी आनलं त चालते का?" मी म्हटलं, चालतं.

तुमच्यात म्हणतात ना, दरफाळणीला गेलेली माणसं आपापल्या घरी येतात आणि शिळ्या सणाला परत जातात? तुझ्या घरात नवी माणसं असतील, तेव्हा माझ्याकडे ये. पांढरं लुगडं धुऊन ठेवलं आहे, त्या दिवशी मी दार लावून घेईन, कुणालाही उघडणार नाही. पण तू आदल्या दिवशीच ये, जरा ऊन असताना. ओट्यावर तुझ्या जागेवर मी कुणाला बसू देणार नाही. शेळी मी मागच्या दारी बांधून ठेवीन.